आम्हाला कुणी कळवलं नाही

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचे संगणक बंद पडले. बंदरावर सगळे या टर्मिनलला जीटीआय म्हणतात. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी ते चालवते आणि वर्षाला वीस फुटी मापाचे १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची तेव्हा क्षमता होती. कोणता कंटेनर कोणाचा, तो कुठल्या थप्पीत आहे, कुठल्या जहाजावर चढायचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच त्या दिवशी उरली नाही. माल तुंबला, ट्रेलर अडकले. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागणं नवं नाही, पण त्या वेळचं कारण कीव्हमध्ये होतं.

युक्रेनमधल्या कंपन्या कर भरण्यासाठी एमईडॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत. त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विषाणू बाहेर पडला. वरवर पाहता तो खंडणी मागत होता, प्रत्यक्षात पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हतं. त्याचा हेतू नासधूस हाच होता. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने यामागे रशियाचं लष्कर असल्याचं जाहीर केलं. पण विषाणूला पसरायला विंडोजमधलं जे भोक मिळालं, ते आधी शोधलं होतं अमेरिकेच्याच एनएसए या हेरसंस्थेने. हेरगिरीला उपयोगी पडेल म्हणून तिने ते वर्षानुवर्षं स्वतःजवळ ठेवलं, मायक्रोसॉफ्टला सांगितलं नाही. मग तिचं ते हत्यार बाहेर फुटलं आणि एप्रिल २०१७ मध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने ते जगापुढे टाकलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच काढली होती. तरी नॉटपेट्या एका संगणकात शिरला की तिथले पासवर्ड उचलून दुरुस्त केलेल्या संगणकांतही जात होता. एका देशाने लपवलेली खोट, दुसऱ्याने तिसऱ्यावर केलेला वार, आणि अडकला तो रायगड जिल्ह्यातला ट्रेलरवाला.

या प्रकरणावर मी रेंगाळतो, कारण त्यानंतर पुन्हा फारसं दिसलं नाही असं काहीतरी इथे घडलं. मर्स्कने सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं कंपनीने कळवलं. जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या व्यासपीठावर तिचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागल्याचं जाहीरपणे मांडलं. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची किल्ली असलेली यंत्रणा जगभर पुसली गेली होती. तिची एकच प्रत घानातल्या कार्यालयात वाचली, तीही तिथे ऐन वेळी वीज गेली होती म्हणून. ही गोष्ट बाहेर आली तेव्हा कंपनीची अब्रू गेली नाही. उलट इतर बंदरांना आणि कारखान्यांना आपली घरं तपासता आली.

दोनच आठवड्यांनी आपल्याकडे काय झालं ते पाहा. ९ जुलैच्या संध्याकाळी एक संकेतस्थळ लोकांच्या फोनवर फिरू लागलं. त्यात जिओचा नंबर टाकला की धारकाचं नाव, ईमेल, सिम चालू झाल्याची तारीख समोर येत होती. आदल्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. लोकांनी आधार क्रमांक दिला, अंगठा टेकवला आणि सिम घेऊन घरी गेले. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाल्याचं कंपनीने अभिमानाने सांगितलं होतं. आता त्यांतल्या कित्येकांनी आपला नंबर टाकून पाहिला, आपलंच नाव वाचलं आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला. सोबत हसण्याच्या इमोजी. मला त्या हसण्यात बेफिकिरी दिसली नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, तो माणूस असाच हसतो.

कंपनीने बाहेर सांगितलं की ही माहिती अस्सल वाटत नाही, ग्राहकांचा डेटा सुरक्षित आहे. त्याच वेळी, जिथे घणसोलीत तिचा अवाढव्य परिसर आहे त्या नवी मुंबईत, पोलिसांकडे आपल्या यंत्रणेत बेकायदा प्रवेश झाल्याची तक्रार तिने दाखल केली. राजस्थानातून एका तरुणाला अटक झाली. ज्यांची नावं दिसली त्यांना कंपनीने स्वतःहून काही कळवावं, असं बंधन कायद्यात तेव्हा नव्हतं. बातमी चार दिवस चालली आणि विरली.

पुढच्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा हा निकाल. सप्टेंबर २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारं कलमही गेलं. हक्क मिळाला, तो मोडला गेल्याचं कळण्याची सोय मात्र झाली नाही.

डेटा साठवायचा कुठे, याचा नियम मात्र झाला. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की भारतातल्या पैशांच्या व्यवहारांचा डेटा भारतातच साठवायचा. माझ्या मते तो योग्य होता. २०२१ मध्ये तो पाळला नाही म्हणून मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यापासून रोखलं, तेही योग्य. जगातल्या बड्या कंपन्यांना नियम लावता येतो, हे त्यातून दिसलं. या आदेशाने आणि मोबाइलच्या वाढत्या वापराने आपल्या नवी मुंबईचं रूप बदललं. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांचे भोंगे वाजत, तिथे खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. पनवेलजवळ योट्टाचं केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झालं, ७,२०० रॅकचं. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, औद्योगिक जमीन आणि भरवशाची वीज इथे आहे, म्हणून देशाच्या डेटाचा मोठा वाटा या खाडीकाठी येऊन बसला.

याच परिसरातली जमीन शहर वसवण्यासाठी १९७० नंतर सिडकोने घेतली, तेव्हा ९५ गावांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांवर अन्याय झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच जणांनी गोळ्या झेलल्या, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी लढा उभा केला, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. पण त्या अन्यायातही एक गोष्ट होती. भूसंपादन कायद्याच्या कलम चारची नोटीस निघत होती. गट नंबर, क्षेत्र, हरकतीची मुदत, सगळं कागदावर होतं. लढायला कागद लागतो. ज्याची माहिती गेली त्याच्या हातात असा कागदच कधी पडला नाही, आणि म्हणून त्याचा लढाही कधी उभा राहिला नाही.

कागदाचा प्रश्न सर्वांत जास्त बोचला तो सफाई कामगारांच्या घड्याळांत. नागपूर, चंडीगड, पंचकुला या शहरांसारखीच नवी मुंबई महापालिकेनेही कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. हजेरी त्यावर, हद्द सोडली की नोंद, आणि नोंदीशी पगाराचं नातं. चंडीगडच्या महिला कामगारांनी पत्रकारांना सांगितलं की घड्याळात कॅमेरा असेल या भीतीने शौचालयात जाताना जीव घाबरतो. या बायकांची भीती मी अडाणीपणाची म्हणणार नाही. घड्याळ काय पाहतं, काय ऐकतं, नोंद कुठे जाते, हे त्यांच्या भाषेत त्यांना कुणी समजावलं नसेल, तर त्यांनी दुसरं काय मानायचं? ज्या अधिकाऱ्यांनी ही खरेदी मंजूर केली त्यांच्या मनगटावर ते घड्याळ नव्हतं, एवढं पुरेसं आहे.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागीच थांबल्या. कोविडचे रुग्ण व्हेंटिलेटरवर होते. कळवा, पडघा, खारघर या पट्ट्यातल्या उच्चदाब वाहिन्यांचा तो बिघाड. साडेचार महिन्यांनी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला: चीनशी संबंध असलेल्या गटाने भारतीय वीजयंत्रणेत शिरकाव केला होता. त्या शिरकावामुळेच मुंबई अंधारली, असं मात्र ती कंपनीही ठामपणे म्हणाली नाही. राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर विभागाच्या अहवालानुसार घातपाताची शक्यता आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. एकाच अंधाराची दोन सरकारी कारणं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये न्हावा-शेवाच्याच, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदराच्या, दुसऱ्या एका टर्मिनलवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला, जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. २०१७ मधून काय शिकलो, याची जाहीर चर्चा तेव्हाही कानावर आली नाही.

कुणाच्या यंत्रात कोण शिरलं हे न कळण्याचा प्रश्न तुरुंगापर्यंतही जातो. तळोजाही नवी मुंबईतच आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणातले अनेक आरोपी तिथल्या कारागृहात वर्षानुवर्षं राहिले. त्यांतले एक, रोना विल्सन, यांच्या लॅपटॉपची तपासणी बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडून करवून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा निष्कर्ष बाहेर आला: हा लॅपटॉप २२ महिने दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि ज्या पत्रांवर आरोप उभा आहे ती त्यात बाहेरून ठेवली गेली. राष्ट्रीय तपास संस्थेने हे नाकारलं आहे; निवाडा न्यायालयाचा. पण याच प्रकरणातले आरोपी, ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी, त्या निवाड्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, कोठडीत असतानाच वारले. पार्किन्सनमुळे पेला धरता येत नाही म्हणून तळोजात असताना त्यांना साध्या सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला होता. पुढच्या दोन आठवड्यांत पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या संभाव्य लक्ष्यांची यादी जगभर छापून आली. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं, ते पेगॅसस आहे असं ठरवता आलं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीश रमणा यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या न्यायालयात सांगितलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र काही खासदारांना इशारा आला, की सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर तुमच्या फोनमागे असू शकतात. महाराष्ट्राच्या प्रियांका चतुर्वेदी त्यांत होत्या. इशारा धाडला अॅपलने. भारतीय नागरिकाला त्याच्यावर पाळत असल्याची शंका कळवायला एक परदेशी कंपनी लागावी, आणि ती सोयही महागडा फोन असणाऱ्यांनाच असावी, याची मला लाज वाटते.

अशा परदेशी कंपन्यांवर भरवसा ठेवावा म्हणावं, तर त्यांची नाती पाहावी लागतात. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपची मालक असलेल्या फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालून ९.९९ टक्के हिस्सा घेतला, जुलैत गूगल ३३,७३७ कोटी घेऊन आलं. नंबर देणारा, निरोप पोचवणारा आणि शोध घेऊन देणारा, तिघे भागीदार झाले. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने ‘अटी माना, नाहीतर खातं सोडा’ असं बजावलं, तेव्हा घराघरातले गट सिग्नलवर हलले आणि महिन्याभरात परतले. कारण भिशी, शाळा, डॉक्टर सगळे इकडेच होते. या सक्तीबद्दल स्पर्धा आयोगाने मेटाला, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकला, २१३ कोटींचा दंड लावायला नोव्हेंबर २०२४ उजाडला.

आता कायदा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सरकारला त्यात दिलेली सूट फार मोठी आहे, माहिती अधिकाराचं एक कलमही त्याने बोथट केलं. तरी ज्याची माहिती फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवलं पाहिजे, हे बंधन आहे. लागू होण्याची मुदत नियमांपासून १८ महिने, म्हणजे मे २०२७. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारचं संचार साथी अॅप घालण्याचा आदेश लोकांना कळताच ओरड झाली आणि दोन-तीन दिवसांत तो मागे घेतला गेला. कळलं, म्हणून बोलता आलं.

मे २०२७ पर्यंत थांबायची गरज सगळीकडे नाही. खारघर, नेरूळ, सीवूड्सच्या सोसायट्यांत फाटकावरच्या अॅपमध्ये घरकामाच्या मावशी किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, कुणाकडे काम करतात, त्यांचा फोटो, त्यांना मिळालेले तारे, सगळं साठतं. इथे माहिती घेणारे आपण आहोत. कायद्यातली संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येईल, मराठीतही. आमच्या सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: फाटकावर कोणाची कोणती नोंद होते, ती कोण पाहतो, किती दिवसांनी पुसली जाते आणि चुकीची असेल तर कोणाला सांगायचं, हे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावायचं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना सचिवांनी वाचून दाखवायचं, आणि मावशींना तारे देणं बंद करायचं.