भाकरीच्या ताटाशेजारी पांढरी वाईन

‘बनी तो बनी, नही तो परभणी’ असे ज्या गावाबद्दल म्हणतात, तिथे वाईनचा विषय काढणे म्हणजे धाडसच. जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले; गळ्यात तुळशीची माळ असलेले कोणी ना कोणी घरोघरी सापडायचेच. तरी पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले सुट्टीला येताना कधीमधी एखादी बाटली आणतात, आणि मग तिला शोभेल असे काही हवे म्हणून ठेचा-भाकरी बाजूला सारून पिझ्झा मागवला जातो. हा प्रकार उफराटा आहे.

ज्यांची ही विद्या, ते असे करत नाहीत. इटलीच्या सार्डिनिया बेटाचेच पाहा. तिथे वर्मेंतिनो जातीच्या द्राक्षांची पांढरी वाईन होते. बेटाच्या ईशान्येला गाल्लुरा नावाचा ग्रॅनाइटच्या खडकांचा मुलूख आहे; तिथल्या वर्मेंतिनोला 1996 साली इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. चव लिंबासारखी आंबूस, किंचित खारट, शेवटी कडवट बदामाची आठवण करून देणारी. सोबत जेवायला काय? समुद्रातले शिंपले, भाजलेली मासळी, मेंढीच्या दुधाचे चीज आणि ‘पाने कारासाऊ’ नावाची पातळ, कुरकुरीत रोटी. ही रोटी दोनदा भाजतात, म्हणजे रानात दिवसचे दिवस राहणाऱ्या मेंढपाळाला ती पुरते. आपली कडक भाकरी आठवली ना? खारट, तेलकट घासाला आंबट घोट उतारा देतो, एवढेच यामागचे शास्त्र. तळलेल्या माशावर आपण लिंबू पिळतो ते याचसाठी. लाल वाईन सालीसकट आंबवतात, तिचा तुरटपणा मासळीशी भांडतो. पांढरीत साल आधीच काढलेली असते.

वर्मेंतिनो परभणीत शोधत बसू नये. नाशिकची वाईन आपल्याला जवळची. गोदावरीही तिकडूनच निघून गंगाखेडला येते. राजीव सामंत यांच्या सुला वायनरीने 2000 साली पहिल्या वाईन बाजारात आणल्या, त्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां या पांढऱ्याच. पहिली कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, ढोबळी मिरचीसारख्या हिरव्या वासाची. दुसरी जराशी गोडसर. येलदरी धरणातला मासा बेताच्या तिखटात तळला असेल तर पहिली घ्यावी. ताटात ठेचा असेल तर मात्र जपून! अल्कोहोल मिरचीची आग वाढवते. गोडसर शेनँ त्यातल्या त्यात निभावून नेते, तीही 8-10 अंशांपर्यंत गार केलेली. आपल्या मे महिन्यात ती पेल्यात ओतताच कोमट होऊ लागते, म्हणून थोडी थोडीच ओतावी.

ठेच्याचा खरा जोडीदार ताकच. त्यातले केसिन हे प्रथिन मिरचीचा जाळ धुऊन नेते. वाईनला ते जमत नाही. आणि जोडी जुळवण्याची कला आपल्याला कोणी शिकवायला हवी असेही नाही. मराठवाड्यात येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात काय वाढतात? ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि वर ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण-जिरे घातलेली आंबील. माठात मुरून तिला जो आंबटपणा येतो, तो त्या जड भज्जीला हलके करतो. सार्डिनियात शिंपल्यांसाठी वर्मेंतिनो करते ते हेच काम. घरात माळकरी असतील तर बाटली पंगतीत आणूच नये; आंबिलीने त्यांचे ताट पुरे होते.

राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू द्यायचे ठरवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पिणाऱ्याचे वय 21 पूर्ण हवे, हा कायदा त्याआधीचाच.

उरलेली वाईन बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. आंबील मात्र त्याच दिवशी संपवावी, आणि येळवशीला ती उरत नाहीच.