हाताची विद्या आणि आपत्काळाची बेगमी

इ. स. १९४२ च्या पूर्वार्धांत मुंबईच्या पांढरपेशा कुटुंबांपुढें असा एक प्रश्न उभा राहिला, कीं ज्याचें उत्तर कोणत्याहि शालेय पुस्तकांत नव्हतें. फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, मार्चमध्यें रंगून गेलें, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत कोलंबो, विशाखापट्टण व काकिनाडा येथें जपानी बाँब पडले. ब्रह्मदेशच्या तांदुळाची वाट बंद झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, अनेकांनीं बायकामुलें कोंकणांत व देशावर पाठविलीं, आणि २ मे १९४३ पासून शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. पुढील वर्षीं, १४ एप्रिल १९४४ रोजीं, व्हिक्टोरिया गोदींत दारूगोळा व कापूस यांनीं भरलेली 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली. शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं, हजारों बेघर झालीं.

गिरगांव-दादरच्या बिऱ्हाडांनीं हीं वर्षें निभावून नेलीं, तीं केवळ पगाराच्या बळावर नव्हेत. तांदुळाऐवजीं पदरीं पडलेल्या ज्वारी-बाजरीची भाकरी थापतां येणें, दमट कोळशांची शेगडी पेटवितां येणें, जुन्या धोतराचा पंचा व पंच्याचें फडकें करतां येणें, दिव्याविना रात्रीं घरांत वावरतां येणें, अशा किरकोळ वाटणाऱ्या कलांनीं संसार तगविले. या कलांना पदवी नव्हती, म्हणून त्यांची नोंदहि कोणी ठेविली नाहीं. ज्यांच्या हातांत त्या होत्या ती पिढी आतां जवळजवळ सरली आहे. मागें राहिली आहेत ती त्यांचीं नांवें.

नांव आणि कृति यांत केवढें अंतर असतें, हें आपल्या पूर्वजांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत निवळीच्या बीचा, म्हणजे कतकाचा, दृष्टांत आहे. त्याचा भाव असा, कीं या बीच्या अंगीं पाणी निवळविण्याचा गुण असला, तरी तिचें नुसतें नांव घेतल्यानें कोणाचें पाणी निवळलेलें नाहीं. बी उगाळून पाण्यांत कालवावी लागते. मनुस्मृतींतील सर्वच वचनें आज शिरोधार्य मानण्याचें कारण नाहीं. परंतु हा दृष्टांत मात्र आपल्या सुशिक्षित घरांस तंतोतंत लागू पडतो. वाळवण, बेगमी, जातें, कंदील हे शब्द आपणांस ठाऊक आहेत; त्यांवर आपण लेख लिहूं शकतों. एक दिवस वीज व पाणी गेलें, तर काय करावें हें मात्र सुचत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. "पूर्वीं सारें घरच्या घरीं होत असे" असें आपण अभिमानानें म्हणतों. पण तें करीत कोण असे? पहांटे दळण दळणारी, विहिरीवरून घागरी आणणारी, धुरांत डोळे चोळीत रांधणारी घरची स्त्री असे. नांगर दुरुस्त करणारा सुतार, भांडें घडविणारा कुंभार, वहाण शिवणारा चांभार हे बलुतेदार असत. आपल्या वर्गांतील पुरुषाचें स्वावलंबन हें पुष्कळ अंशीं दुसऱ्यांच्या हातांवर उभें होतें, आणि त्या हातांना आपण मान दिला नाहीं. म्हणून जुन्या कला शिकावयाच्या, त्या जुन्या वाटणीनें नव्हे. मुलगा, मुलगी, सून, जांवई, आजोबा सर्वांनीं शिकावयाच्या. नाहीं तर संकटकाळीं सारा भार पुन्हां घरांतील एकाच बाईच्या डोक्यावर येईल, आणि त्यास आपण संस्कृति म्हणत बसूं.

हाताच्या कामाला शिक्षणांत स्थान असावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही कल्पना मांडली, व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिचा आराखडा केला. तिच्या यशापयशाची चर्चा येथें नको. एवढें खरें, कीं आमच्या शाळांतून सूतकताईचा तास पुढें गुण देण्यापुरता उरला आणि नंतर तोहि गेला.

शिवाजी पार्कच्या वस्तीकडे पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें आजचें रूप ध्यानांत येतें. १८९६ च्या प्लेगनें मुंबईच्या दाट, काळोख्या वस्त्यांचा धोका दाखविला. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि शहराच्या उत्तरेकडे रुंद रस्ते व मोकळीं मैदानें यांचा विचार रुजला. १९२५ सालीं माहीम पार्क हें मैदान लोकांस खुलें झालें. १९२७ सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. भोंवतीं दोन-तीन मजल्यांच्या हवेशीर इमारती उभ्या राहिल्या. आज त्यांतील कित्येकांच्या जागीं मनोरे आले आहेत. तानसा, भातसा, वैतरणा येथून शेंकडों हातांनीं आलेलें पाणी इमारतीखालच्या टांकींत पडतें, आणि तेथून विजेच्या पंपानें गच्चीवर चढतें. वीज गेली कीं उद्वाहक थांबतो, पंप थांबतो, आणि थोड्याच वेळांत नळहि थांबतो. वरच्या मजल्यावर बहुधा वृद्ध दांपत्य असतें, आणि मुलें परदेशीं.

ही कल्पना नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळीं कुलाब्यास अवघा सुमारें ७३. एकाच शहराच्या दोन टोंकांस असें दोन प्रकारचें दैव आलें. २०२० च्या मार्चमध्यें देशभर टाळेबंदी झाली, आणि ज्या घरांत कोणी कधीं केर काढला नव्हता त्या घरांत पदवीधरांनीं केरसुणी हातीं धरली. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरला सकाळीं दहाच्या सुमारास साऱ्या मुंबईची वीज गेली व लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. संकट कोणत्या दारानें येईल हें सांगतां येत नाहीं. परंतु तें आलें म्हणजे पाणी, धान्य, विस्तव आणि शरीर या चारच ठिकाणीं प्रथम झोंबतें. तेव्हां शिक्षणाचा क्रमहि तोच असावा.

प्रथम पाणी. पिण्यास व रांधण्यास माणशीं रोज निदान चार लिटर धरावें. सहा माणसांच्या कुटुंबास तीन दिवसांचे ७२ लिटर होतात. म्हणजे चार मोठ्या बादल्या. इतकें पाणी झांकून ठेवणें कोणासहि जड नाहीं. मात्र आठवड्यांतून एकदां भांडीं रिकामीं करून, घासून, कोरडीं करावीं. नाहीं तर डेंग्यूचा डांस त्यांतच वाढतो. गढूळ पाण्यांत तुरटी फिरवावी, गाळ खालीं बसूं द्यावा, वरचें पाणी दुहेरी फडक्यांतून गाळावें आणि खळखळून उकळावें. चांगली उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. तुरटी किंवा निवळी गाळ नेते, जंतु नेत नाहीं, हें विसरूं नये. या एका ठिकाणीं जुन्या विद्येस नव्या शास्त्राची जोड हवीच.

मग धान्य. धान्य बिघडतें तें मुख्यतः ओलाव्यानें. दाणा दांताखालीं कट्कन फुटला, तर तें वाळलें असें समजावें. तूरडाळीस एरंडेलाचा हात लावून तिला ऊन दाखविलें कीं किड्यास तिच्यावर अंडीं घालणें कठीण होतें. मूग-चवळींत चाळलेली राख मिसळतात. ती दाण्यांमधील पोकळी भरते, किड्याच्या अंगावरील मेणासारखा थर घांसते, आणि किडा सुकून मरतो. या कृति आजी करी, कारण तिला सांगतां येत नसे; कारण आपणांस ठाऊक आहे, कृति येत नाहीं. दोहोंची गांठ पडली पाहिजे. त्याबरोबरच विस्तवाविना खातां येईल असें कांहीं घरांत असावें : पोहे, चुरमुरे, मेतकूट, गूळ, शेंगदाणे, सातूचें पीठ. सातूचें पीठ गुळाच्या पाण्यांत कालविलें कीं लहानापासून वृद्धापर्यंत सर्वांचें एक वेळचें भागतें.

तिसरा विस्तव. सरपण थोडें असेल तेव्हां भात पांच मिनिटें चांगला उकळूं द्यावा, घट्ट झांकण घालावें, आणि पातेलें जाड गोधडींत गुंडाळून खोक्यांत तासभर ठेवावें. आंतल्याच उष्णतेनें भात शिजतो. गवताच्या पेटीची ही युक्ति युद्धकाळांत विलायतेंतील गृहिणींनींहि वापरली. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलींत कधींहि ठेवूं नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो, आणि झोंपलेलें माणूस झोंपेंतच जातें.

चौथें शरीर. पांच मजले पाणी चढविणें, दोरास धरून उतरणें, पोहणें, जखम बांधणें या गोष्टी पुस्तकांतून येत नाहींत. या बाबतींत शिवाजी पार्क भाग्यवान आहे. मैदानाच्या कडेस समर्थ व्यायाम मंदिरांत आजहि मुलें-मुली मल्लखांबावर व दोरावर चढतात; तेथील गुरु उदय देशपांडे यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली, आणि २०१९ सालीं मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. जवळच महापालिकेचा तरणतलाव आहे. मैदानांत स्काउटांची वास्तु आहे. साधनें दाराशीं आहेत. आपण मात्र त्यांच्या भोंवतीं फेऱ्या मारून घरीं परततों.

कोणी म्हणेल, "पैसा असला म्हणजे सर्व मिळतें, हा खटाटोप कशास?" पैशानें वस्तु मिळते, ती बाजारांत असेल तोंवर. १९४३ सालीं खिशांत पैसे असणारेहि कार्ड घेऊन रांगेंत उभे होते. दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा : बेगमी म्हणजे सांठेबाजीच नव्हे काय? नव्हे. बेगमी सुगीच्या वेळीं, शेजाऱ्याचा घांस न हिरावतां होते. सांठा टंचाईंत, दुसऱ्यास उपाशी ठेवून होतो. ज्याला हातानें कांहीं करतां येतें त्यास सांठ्याची भीतिग्रस्त हांव कमी असते, कारण त्याची खरी ठेव कोठारांत नसून बोटांत असते.

आतां करावयाचें काय? मोठ्या योजना नकोत. प्रत्येक कुटुंबानें महिन्यांतील एक शनिवार ठरवावा. त्या दिवशीं सायंकाळीं सहा ते नऊ वीज व नळ दोन्हीं बंद ठेवावीं, आणि सांठविलेल्या पाण्यावर सर्वांनीं मिळून जेवण करावें. एका महिन्यास डाळीस एरंडेल, एका महिन्यास कंदिलाची वात, एका महिन्यास बटण व टांका, एका महिन्यास जखमेची पट्टी. शिकविणारी व्यक्ति घरांतील सर्वांत वृद्ध असावी, आणि हात मात्र सर्वांत लहानाचे चालावे. वरच्या मजल्यावरील एकाकी आजी-आजोबांसहि त्या दिवशीं खालीं बोलवावें. त्यांना येत असलेली एखादी गोष्ट मुलांनीं शिकून घ्यावी, आणि संकटांत त्यांचें पाणी कोण चढविणार हें त्याच बैठकींत नांवानिशीं ठरवून टाकावें.

येणाऱ्या शनिवारीं आरंभ तुरटीपासून करावा. खडा स्वस्त आहे, दहा वर्षांचें मूलहि तो फिरवूं शकतें, आणि पाणी निवळतांना डोळ्यांनीं पाहतां येतें.