एडिसनहून पत्र : कितव्या पानावर?

एडिसन (न्यू जर्सी), एप्रिल



इथल्या घरपट्टीच्या बिलावर नगरपालिका, काउंटी आणि शाळा यांच्या रकमा वेगवेगळ्या छापतात. सर्वांत मोठी रक्कम बहुधा शाळेचीच. राज्यातली सरासरी घरपट्टी 2024 मध्ये वर्षाला 10,000 डॉलरच्या वर गेली आणि तिचा निम्म्याहून अधिक वाटा शाळांना जातो. आपल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. इथं शाळा चालवायची ती गावकऱ्यांनी निवडलेल्या मंडळानं, गावाच्या पट्टीवर. कमी पडेल त्यातलं काही राज्य देतं. गाव श्रीमंत तर शाळा श्रीमंत, ही रीत मला पटलेली नाही.

राज्याची मदत ठरते 2008 च्या सूत्रानं : मुलं किती, गरीब किती, गावाची ऐपत किती. या सूत्रापेक्षा जास्त मिळणारी जुनी वाढीव मदत 2018 च्या कायद्यानं सात वर्षांत काढून घ्यायचं ठरलं. जर्सी सिटीला तो फटका मोठा बसला. हडसन नदीच्या काठी मनोरे उभे राहिले, शहर कागदावर श्रीमंत झालं. सरकारी शाळांतली कितीतरी मुलं मात्र गरिबाघरचीच राहिली. तेव्हा शहरानं कंपन्यांच्या पगारखर्चावर 1 टक्का कर बसवला, शहरात राहणाऱ्या कामगारांचा पगार त्यातून वगळला आणि पैसा शाळांकडे वळवला.

प्रत्येक गावात अशा कंपन्या कुठून असणार? पट्टी वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवायची तर बहुतेक वेळा मतदान घ्यावं लागतं. मग कात्री लागते. निवृत्त शिक्षकाची जागा भरत नाहीत, वर्गात मुलं वाढतात, ग्रंथपाल जातो. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांच्या आत असेल, तर बस देण्याची सक्ती नाही. म्हणून ती बस लवकर बंद होते. कायम न झालेल्या शिक्षकाला पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, ते 15 मेपर्यंत लेखी कळवावं लागतं. राज्याचा आकडा येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुळवाजुळव करायला हातात उरतात दोन-अडीच महिने.

परवा शाळेच्या अंदाजपत्रकावरच्या एका जाहीर सुनावणीला गेलो होतो. रात्रपाळीला निघालेली एक आई उठली आणि म्हणाली, "बसचा खर्च कितव्या पानावर आहे?" हिशेबनिसानं पान सांगितलं. सगळ्यांनी पानं उलटली. बस वाचेल का, ते अजून ठरायचं आहे. पण आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

तेव्हा मला आपली चिखल्याची खाण आठवली. मॅंगनीज काढणाऱ्या कंपनीला जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा भरावा लागतो, हा कायदा 2015 पासून आहे, आणि तो पैसा खर्चताना ज्या बाबींना अग्रक्रम द्यायचा त्यांत शिक्षण आहे. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा : त्यातले किती रुपये आपल्या शाळेला मिळाले, आणि ते हिशेबाच्या कितव्या पानावर लिहिले आहेत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि मला कळवा.