धावणाऱ्यांची पावले आणि रुग्णसेवेचा निधी

धावण्याची शर्यत आणि रुग्णसेवा यांचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या वाशिम जिल्ह्यात कोणी सहज विचारील. आपल्याकडे देणगी येते ती बहुधा दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ किंवा घरच्या मंगलकार्यानिमित्त. तथापि शर्यतींच्या द्वारे धर्मादाय कार्यासाठी निधी उभारण्याची प्रथा आता जगभर रुजली आहे. तिचे स्वरूप हितचिंतकांना कळावे, हा या टिपणाचा हेतू.

या प्रथेचे हृदयस्पर्शी उदाहरण म्हणजे कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. कर्करोगावरील संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर जमावा, असा संकल्प करून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने धावू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुफ्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. जून १९८१ मध्ये त्याचे निधन झाले. परंतु त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, २ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक निधी जमून त्याचा संकल्प सिद्धीस गेला होता.

आपल्या राज्यात १५ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने ही वाट रुळवली. तेथे स्वयंसेवी संस्था युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत सहभागी होतात. धावपटू आपल्या पसंतीच्या कार्यासाठी आप्तेष्टांना व सहकाऱ्यांना देणगीचे आवाहन करतो. कंपन्याही आपल्या कर्मचाऱ्यांचे संघ उतरवतात. यात एक बाब ध्यानात घ्यावी. धावपटूचे प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे. शर्यतीच्या व्यवस्थेलाही मोठा खर्च येतोच. सेवाकार्यास मिळणारा निधी मुख्यत्वे धावपटूच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या, स्वतः न धावणाऱ्या माणसांकडून येतो.

रुग्णालयास अशा निधीचा उपयोग कसा होतो? मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ खात्यात जमा केली जाते. गरजूंची संख्या वाढली की ही रक्कम अपुरी पडते, आणि तेथेच देणगीचा आधार लागतो.

वाशिम, कारंजा वा रिसोड येथील तरुणांनी अशी शर्यत योजिल्यास दोन पथ्ये अवश्य पाळावीत. मंडप, पदके व सदरे यांचा खर्च आधीच प्रायोजकांकडून निश्चित करून घ्यावा, म्हणजे रुग्णांच्या नावे आलेला पैसा त्यात खर्ची पडणार नाही. तसेच प्रत्येक देणगीची पावती देऊन जमाखर्च जाहीर करावा. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीस आयकरात सवलत मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी.

ज्यांच्या घरचे माणूस खाटेवर आहे, त्यांना शर्यतीत पहिला कोण आला याच्याशी कर्तव्य नसते. देयक कसे भरावे, हीच त्यांची चिंता असते. ती हलकी करण्यात आपणही, धावून वा न धावता, खारीचा वाटा उचलावा, ही नम्र विनंती.