रंग पातळ का करतात?

सणापूर्वी दारे-खिडक्या रंगवून घेण्याची चाल जुनी आहे. रंगारी डबा उघडतो, तळाशी बसलेला साका काठीने ढवळतो आणि त्यात थोडे टर्पेंटाइन ओततो. ते पाहून, रंगात भेसळ तर होत नाही ना, अशी शंका घरधन्याच्या मनात येते. ही शंका सर्वस्वी खरी नाही. पण सर्वस्वी अनाठायीही नाही.

तैलरंगात रंगद्रव्याची बारीक पूड असते आणि तिला धरून ठेवणारे बंधक असते. उदाहरणार्थ, जवसाचे तेल. हे मिश्रण दाट असल्यामुळे कुंचल्याने सारखे पसरत नाही. त्याला प्रवाही करणारे द्रव्य म्हणजे विरलक. चिडाच्या राळेपासून ऊर्ध्वपातनाने मिळणारे टर्पेंटाइन हे त्यांतले जुने. पुढे खनिज तेलापासून काढलेली द्रव्येही प्रचारात आली. लेप पसरला की विरलकाचे काम संपते व ते उडून जाते. जवसाचे तेल मात्र उडत नाही. हवेतील ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते आणि रंगद्रव्याला लाकडाशी जखडते. तेव्हा विरलकाने काम करावे आणि मागे काही न ठेवता निघून जावे, हीच त्याची कसोटी. स्वस्त म्हणून रॉकेल मिसळले, तर ते सावकाश उडते आणि लेप दीर्घकाळ चिकट राहतो.

प्रत्येक लेपाचे विरलक निराळे असते. लाखेच्या पॉलिशला स्पिरिट लागते, तर भिंतीच्या इमल्शनला पाणी. सेल्युलोज लॅकरचा थिनर हे तर मिश्रणच होय. त्यातील काही द्रव्ये लॅकर विरघळवतात. टोल्युइन मात्र त्यांच्या साथीने केवळ पातळपणा आणते. विरघळवणारी द्रव्ये आधी उडाली आणि टोल्युइन मागे राहिले, तर लॅकर साकळते व त्याची चकाकी जाते.

प्रमाण ओलांडले की बंधक विरळ होते, रंग ओघळतो, लेप पातळ बसतो आणि त्याखालचे लोखंड लवकर गंजते. घरधन्याची शंका खरी ठरते ती येथे.

तथापि, उडून गेलेले द्रव्य नाहीसे होत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते. बंद खोलीत ती रंगाऱ्याच्या श्वासावाटे शरीरात जाते. डोके दुखते, भोवळ येते आणि वर्षानुवर्षांच्या संसर्गाने मज्जासंस्थेला अपाय होतो. म्हणून रंगकाम चालू असता खिडक्या उघड्या ठेवाव्यात व चूल विझवावी. दाराची चकाकी घरधन्याला लाभते. तिची किंमत रंगाऱ्याच्या प्रकृतीतून वसूल होऊ नये.