सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये डेटाबेस ठेवणे धोक्याचे

क्लाउड साठवणुकीशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवून वापरली जाणारी डेटाबेस फाइल कोणतीही पूर्वसूचना न देता निकामी होऊ शकते. दुकानाचे हिशेब, रुग्णांच्या नोंदी किंवा संस्थेच्या सभासदांची यादी घरी आणि कार्यालयात दोन्हीकडे उपलब्ध असावी, यासाठी अनेक जण ती ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवतात. पत्रे आणि छायाचित्रांसाठी ही सोय उत्तम आहे. डेटाबेसचे काम मात्र वेगळ्या रीतीने चालते.

पत्राची फाइल जतन करताना सहसा एकदाच पूर्ण लिहिली जाते. डेटाबेसची फाइल दिवसभर उघडी असते आणि तिच्यात तुकड्यातुकड्याने बदल होत राहतात. रिचर्ड हिप्प यांनी २००० मध्ये तयार केलेली आणि आज अँड्रॉइड व आयफोनमध्येही वापरली जाणारी एसक्यूलाइट ही प्रणाली पाहा. मूळ फाइलमधील मजकूर बदलण्यापूर्वी ती जुना मजकूर शेजारच्या जर्नल फाइलमध्ये उतरवून ठेवते. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी जर्नल वाचून फाइल पूर्वस्थितीत आणली जाते. २०१० पासून उपलब्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीत नवे बदल आधी शेजारच्या फाइलमध्ये जातात आणि नंतर मूळ फाइलमध्ये समाविष्ट होतात. म्हणजेच काम चालू असताना डेटाबेस एका फाइलमध्ये नसून दोन फायलींत मिळून असतो.

सिंक करणाऱ्या प्रोग्रामला हे नाते ठाऊक नसते. तो एक फाइल आता पाठवतो, दुसरी काही क्षणांनी. परिणामी दुसऱ्या संगणकावर अशी जोडी पोहोचते, जी मूळ संगणकावर एकाच वेळी कधीच अस्तित्वात नव्हती. मूळ फाइल आणि जर्नल यांची अशी चुकीची जोडी हे बिघाडाचे एक कारण असल्याचे एसक्यूलाइटच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे.

दुसरा धोका कुलपाचा. कार्यालयातील सामायिक सर्व्हरवर फाइल एकच असते, त्यामुळे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवता येते. सिंकमध्ये प्रत्येक संगणकावर स्वतंत्र प्रत असते आणि एकीकडचे कुलूप दुसरीकडे लागत नाही. दुकानात विक्रीची बिले आणि गोदामात मालाची आवक एकाच वेळी नोंदली गेली, तर ड्रॉपबॉक्स दोन्ही बदल एकत्र न करता ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची वेगळी प्रत तयार करतो. त्यानंतर नोंदी हाताने जुळवत बसण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही. आणि ती प्रत वेळीच कोणाच्या नजरेस पडली, तर.

हे नकळतही घडू शकते. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप सुरू असल्यास डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सिंक होतात. मॅकवर आयक्लाउडची अशीच सोय २०१६ पासून आहे. संदर्भसूची ठेवणाऱ्या झोटेरोने तर आपला डेटा फोल्डर क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू नये, असे वापरकर्त्यांना स्पष्ट बजावले आहे.

चालू फाइल सिंक न होणाऱ्या स्थानिक फोल्डरमध्ये ठेवावी. प्रोग्राम पूर्ण बंद करून किंवा त्यातील बॅकअपची सोय वापरून तारखेनिशी प्रत काढावी आणि तीच क्लाउडवर पाठवावी. अधूनमधून ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. दोन ठिकाणांहून एकाच वेळी काम करणे अपरिहार्य असेल, तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलसारखा सर्व्हरवर चालणारा डेटाबेसच हवा.