दहा टक्के म्हणजे किती?

18 ते 69 वयाच्या मुंबईकरांपैकी 18 टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर 126 किंवा त्याहून जास्त. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने 2021 मध्ये केलेल्या पाहणीतला हा आकडा. आणखी 15.6 टक्के लोक उंबरठ्यावर. गिरगावातल्या चाळीच्या एका मजल्यावर तीस मोठी माणसे धरा: पाच जणांना शुगर, आणि जवळपास तितकेच तिच्या वाटेवर.

यात अतिप्रक्रिया केलेल्या खाण्याचा हात किती? घरच्या डब्यात कधीच नसणारे रंग, स्वाद, पायसीकारक घालून कारखान्यात तयार होतो तो हा माल. आठ युरोपीय देशांतल्या 3,11,892 लोकांची सरासरी 10.9 वर्षे नोंद ठेवलेला अभ्यास 2024 मध्ये छापून आला. त्यांतल्या 14,236 जणांना टाइप 2 मधुमेह झाला. रोजच्या खाण्यापिण्याच्या वजनात या मालाचा वाटा 10 टक्क्यांनी वाढला की धोका 17 टक्क्यांनी जास्त दिसला. हिशेब माणसांत मांडू. अकरा वर्षांत हजारी सुमारे 46 जणांना मधुमेह झाला. त्यात 17 टक्के वाढ म्हणजे 53. सात माणसे जास्त.

आणि ते 10 टक्के? दिवसाचे खाणेपिणे दोन किलो धरले, तर 200 ग्रॅम. दादरला प्लाझासमोर उन्हात उभ्याने संपवलेली 200 मिलिलिटरची एक बाटली. कोला असेल, तर तिच्यात साधारण 21 ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. कोणी चहात पाच चमचे घातले, तर आपण त्याचा हात धरू. त्याच अभ्यासात हा माल सर्वांत जास्त खाणाऱ्या पाव हिश्श्यातल्या लोकांच्या अशा खाण्यात जवळजवळ 40 टक्के वजन गोड पेयांचेच होते.

म्हणून ‘अतिप्रक्रिया’ हा एकच शिक्का सगळ्यांवर मारून भागत नाही. युरोपात धोका वाढलेला दिसला तो गोड पेये, प्रक्रिया केलेले मांस, तयार जेवणे आणि खारट चटकमटक यांच्याबरोबर. पाव, बिस्किटे, न्याहारीचे सीरियल यांच्याबरोबर तो उलट कमी दिसला. अमेरिकेतल्या तीन मोठ्या अभ्यासगटांचे आकडे 2023 मध्ये आले (19,503 रुग्ण). तिथे मैद्याच्या पावाने धोका वाढलेला, काळ्या आणि अख्ख्या धान्याच्या पावाने घटलेला; पाकीटबंद चटकमटकही युरोपच्या उलट, घटीच्या बाजूला. दोन्हीकडे एकमत आहे ते पेये, मांस आणि तयार जेवणे यांवर. ‘डाएट’ पेयेही त्यातच येतात. अर्थात वजन वाढलेली माणसेच आधी ‘डाएट’कडे वळतात, त्यामुळे तिथे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सोडवणे अवघड आहे.

पावाचा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. युरोपात पाव म्हटल्यावर ताटात राय किंवा अख्खा गहूही येतो; परळच्या बेकरीतली लादी मैद्याची. त्यामुळे तिकडची सूट वडापावला लावणे मला मान्य नाही. लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा याच्या अगदी उलटा. पोहे, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, सगळे डोळ्यांसमोर कढईतून निघते. तो अतिप्रक्रियेच्या व्याख्येत बसत नाही, पण तेल आणि मीठ तर आहेच. व्याख्येबाहेर असल्याने तो पथ्याचा ठरत नाही.

तिकडची सूट आपल्या बिस्किटांनाही लावता येत नाही. परळच्या रुग्णालयांबाहेर ‘हलके खाणे’ म्हणून सर्वांत आधी घेतला जातो तो ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. तो उलटा करून वाचा: पहिला घटक मैदा, दुसरी साखर, 100 ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या आसपास. हाच पुडा चहाच्या कपाशेजारी शुगरच्या पेशंटच्या उशाशी ठेवलेला दिसतो, आणि ठेवणाऱ्याला खात्री असते की आपण पथ्य पाळतो आहोत.